नव्या एसक्यूएल सर्व्हरवर मेंटेनन्स जॉब नेताना

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवरचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेणं तसं सोपं. बॅकअप घ्यायचा, तिकडे रिस्टोअर करायचा, ॲप्लिकेशनची कनेक्शन स्ट्रिंग (कोणत्या सर्व्हरला जोडायचं ते सांगणारी ओळ) बदलायची. पण त्या डेटाबेससाठी रोज रात्रपाळी करणारे जॉब त्या बॅकअपमध्ये नसतात. बॅकअप घेणारे, इंडेक्स नीट करणारे, तपासणी करणारे, जुना इतिहास झाडून काढणारे हे सगळे एजंटचे (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हिसचे) जॉब एमएसडीबी नावाच्या वेगळ्या सिस्टिम डेटाबेसमध्ये राहतात. नव्या माणसाला हे बहुतेक वेळा उशिरा कळतं. ॲप्लिकेशन तर मस्त चालत असतं, मग कोणी एक दिवस कालचा बॅकअप मागतं आणि कालचा बॅकअप नसतोच.

सध्या हे काम अनेकांच्या गळ्यात पडतंय. २०१४ आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टकडचा आधार (सपोर्ट) ९ जुलै २०२४ ला संपला आणि २०१६ ची विस्तारित मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतची. खालची पद्धत जुन्याशेजारी नवा सर्व्हर उभा करून सगळं तिकडे नेणाऱ्यांसाठी आहे. त्याच मशीनवर आवृत्ती चढवली तर एमएसडीबीही सोबत चढतो आणि यातलं निम्मं काम वाचतं.

"मग एमएसडीबीच रिस्टोअर करू की!" हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. तो तिथेच सोडा. वापरातले डेटाबेस जुन्या आवृत्तीवरून नव्यावर रिस्टोअर होतात, सिस्टिम डेटाबेस तसे होत नाहीत. त्यांना आवृत्ती तीच लागते. जॉब एकेक करून, हाताने निवडूनच न्यायचे आहेत, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे.

पायरी १: आधी यादी

जुन्या सर्व्हरवर एमएसडीबीतली चार टेबलं उघडा: सिसजॉब्स, सिसजॉबस्टेप्स, सिसशेड्यूल्स आणि सिसजॉबहिस्टरी. शेड्यूल कोणत्या जॉबला जोडलंय ते सिसजॉबशेड्यूल्समध्ये मिळतं. यातून एक तक्ता काढा: जॉबचं नाव, मालक लॉगिन, प्रत्येक स्टेप कसली आहे, कधी चालतो, किती वेळ घेतो, शेवटचा यशस्वी कधी झाला.

वेळ काढताना एक गंमत लक्षात ठेवा. इतिहासाच्या टेबलात कालावधी सेकंदांत नसतो, तास-मिनिटं-सेकंद असे आकडे एकमेकांना चिकटवून लिहिलेले असतात. १३०४५ म्हणजे तेरा हजार सेकंद नव्हे, तर एक तास तीस मिनिटं पंचेचाळीस सेकंद. याची थेट सरासरी काढून "जॉब साडेतीन तास घेतो" असा अहवाल मी स्वतः एकदा दिला होता. तसंच ज्या ओळीत स्टेपचा क्रमांक शून्य आहे ती अख्ख्या जॉबच्या निकालाची ओळ. ती वेगळी ठेवली नाही तर सगळं दुप्पट मोजलं जातं.

इतिहास रिकामा दिसला म्हणून जॉब बंद आहे असं समजू नका. एजंट मूळ सेटिंगवर सगळ्या जॉबच्या मिळून १००० आणि एका जॉबच्या १०० ओळीच ठेवतो. दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप (बदलांच्या नोंदवहीचा बॅकअप) घेणारे दोन-तीन जॉब असले की महिन्यातून एकदा चालणाऱ्याची ओळ केव्हाच ढकलली जाते.

प्रत्येक स्टेपचा 'अपयश आलं तर काय' हा रकाना जरूर बघा. कोणीतरी कधीतरी रात्रीचे ईमेल थांबवायला तिथे "अपयश आलं तरी जॉब यशस्वी म्हणून संपव" असं करून ठेवलेलं असतं. असा जॉब वर्षानुवर्षं हिरवा दिसतो.

एजंटच्या बाहेरही डोकावा. विंडोज टास्क शेड्यूलरमध्ये बॅच फाइलमधून एसक्यूएलसीएमडी (कमांड-लाइनवरून क्वेरी चालवायचं साधन) चालवणारी कामं लपलेली असतात. पूर्वी कधी मोफत एक्सप्रेस एडिशन असेल तर हमखास, कारण तिच्यात एजंटच नसतो.

पायरी २: काय न्यायचं नाही

यादी हातात आली की अर्धी कामं गाळता येतात, आणि ती न विचारता गाळू नयेत. ज्या विभागाचा जॉब असेल त्यांना विचारा, उत्तर लेखी घ्या.

काही गोष्टींबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. डेटाबेस श्रिंक करणारा, म्हणजे फाइल आक्रसून लहान करणारा, ठरावीक वेळेचा जॉब नेऊच नका. अनेक जुन्या मेंटेनन्स प्लॅनमध्ये क्रम असा सापडतो: रात्री एकला सगळे इंडेक्स रिबिल्ड (नव्याने बांधणं), मग लगेच श्रिंक. पहिल्याने तासभर खपून पानं (डेटा साठवायचे ठोकळे) ओळीत लावायची आणि दुसऱ्याने फाइलच्या शेवटची पानं उचलून जागा मिळेल तिथे पुढे कोंबायची. सकाळी इंडेक्स आदल्या दिवसापेक्षा विस्कटलेले.

दुसरी जोडी याहून सभ्य दिसते, म्हणून जास्त टिकते: इंडेक्स रिबिल्ड आणि त्यामागून सरसकट स्टॅटिस्टिक्स (टेबलात कोणती मूल्यं किती आहेत याचा सर्व्हरने ठेवलेला अंदाज) अपडेट. रिबिल्ड करताना त्या इंडेक्सचं स्टॅटिस्टिक्स पूर्ण टेबल वाचून नवं होतं. (पार्टिशन केलेल्या इंडेक्सची गोष्ट वेगळी.) पाठोपाठ साध्या नमुन्यावर अपडेट चालवला की ते चांगलं स्टॅटिस्टिक्स पुसून त्याच्या जागी कच्चं येतं. तासभर काम करून आपणच मागे जातो. रिबिल्डनंतर फक्त कॉलमवरची स्टॅटिस्टिक्स घ्या, किंवा ज्यांत बदल झालेत तेवढीच.

मग आवृत्तीमुळे मेलेल्या गोष्टी. लॉग बॅकअप 'ट्रंकेट ओन्ली'ने घ्यायची सोय २००८ पासून नाही. एसपी डीबीऑप्शन (डेटाबेसची सेटिंग बदलायची जुनी प्रोसिजर) २०१२ मध्ये गेलं. ॲक्टिव्हएक्स प्रकारच्या स्टेप नव्या आवृत्तीत चालत नाहीत, त्यांचं पॉवरशेलमध्ये पुन्हा लेखन करावं लागतं. डीबीसीसी डीबीरीइंडेक्स (इंडेक्स रिबिल्डची जुनी कमांड) अजून चालतं, पण हात लावलाच आहे तर ऑल्टर इंडेक्स करून टाका. ट्रेस फ्लॅग (सर्व्हरचं वागणं बदलणारे आकडी स्विच) १११७ आणि १११८ टेंपडीबीसाठी, म्हणजे तात्पुरत्या डेटाच्या सिस्टिम डेटाबेससाठी, चालू करणारा स्टार्टअप जॉब असेल तर तोही सोडा, २०१६ पासून टेंपडीबी मुळातच तसं वागतो.

एडिशनही बघा. जुना सर्व्हर एंटरप्राइझ आणि नवा स्टँडर्ड असेल तर ऑनलाइन (टेबल वापरात असतानाच होणारं) इंडेक्स रिबिल्ड मिळणार नाही. जॉबमध्ये 'ऑनलाइन चालू' लिहिलेलं असलं की तो पहिल्याच रात्री लाल होतो. हा लाल बरा, कारण लगेच दिसतो.

पायरी ३: नव्या घरात आधी काय हवं

जॉबचा मजकूर नेणं हे सगळ्यात हलकं काम. तो ज्यांच्या भरवशावर चालतो त्या गोष्टी आधी नव्या सर्व्हरवर असायला हव्यात, नाहीतर स्क्रिप्टच चालत नाही.

सगळ्यात आधी एजंट सर्व्हिस. इन्स्टॉल करताना तिची सुरुवात 'मॅन्युअल' असते. तुम्ही हाताने चालू करता, जॉब चालतात, सगळे खूश. महिन्याने विंडोज अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट होतं आणि एजंट उठतच नाही. अपयशाचा ईमेलही येत नाही, कारण तो पाठवायचा एजंटनेच असतो. आजच 'ऑटोमॅटिक' करून टाका.

मग सर्व्हिसचं खातं. २०१२ पासून इन्स्टॉलर आपोआप व्हर्च्युअल खातं देतो. ते नेटवर्कवर जाताना मशीनच्या नावाने जातं. तुमचे बॅकअप शेअर फोल्डरवर जात असतील तर त्या फोल्डरवर आता मशीनच्या खात्याला परवानगी लागेल. नाहीतर 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५', म्हणजे परवानगी नाकारली. लक्षात ठेवा, बॅकअपची फाइल लिहितं ते डेटाबेस इंजिनचं खातं, एजंटचं नव्हे. जुन्या फाइल पुसणारी कमांड-लाइन स्टेप असेल तर ती मात्र एजंटच्या खात्याने चालते. त्यामुळे फोल्डरची परवानगी दोघांनाही तपासा.

लॉगिन नेताना त्यांचे एसआयडी (लॉगिनची अंतर्गत ओळख) तसेच ठेवून न्या, म्हणजे डेटाबेसमधले युजर अनाथ होत नाहीत. क्रेडेन्शियल आणि प्रॉक्सी (स्टेप दुसऱ्या खात्याने चालवायच्या सोयी) यांचे पासवर्ड स्क्रिप्टमध्ये येत नाहीत, डेटाबेस मेलचाही येत नाही. ते कोणाकडे आहेत हे आठवडाभर आधी शोधायला लागा. ऑपरेटर, म्हणजे जॉबची सूचना ज्याला ईमेलने जाते ती नोंद, त्याच नावाने बनवा. मेल प्रोफाइल बनवून थांबू नका, एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलर्ट सिस्टिम' या पानावर ती निवडायची असते. हे राहिलं की चाचणी मेल येतो आणि जॉबचा येत नाही, आणि माणूस दोन दिवस मेल सर्व्हरवाल्यांशी भांडतो.

बॅकअप कॉम्प्रेशनसारखी सर्व्हर पातळीवरची सेटिंगही जुन्याशी जुळवा. इतिहासाची ती १००० ओळींची मर्यादा आत्ताच वाढवा.

पायरी ४: जॉब उचलायचे

मॅनेजमेंट स्टुडिओत जुन्या सर्व्हरचा जॉब्स फोल्डर निवडून एफ ७ दाबा. उजवीकडे सगळे जॉब ओळीने दिसतात. डावीकडच्या झाडात एका वेळी एकच निवडता येतो, इथे हवे तितके निवडून एकदम स्क्रिप्ट काढता येते. ही फाइल तशीच चालवू नका, आधी वाचा. चार जागा बघायच्या.

मालक लॉगिनची ओळ: तिथे बहुधा कोणा माणसाचं डोमेन खातं असतं. नव्या सर्व्हरवर ते लॉगिन नसेल तर जॉब तयारच होत नाही. असेल आणि पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला, खातं बंद झालं, तर एके रात्री १५४०४ क्रमांकाचा एरर देऊन जॉब पडतो. मेंटेनन्सच्या जॉबचा मालक माणूस ठेवू नये. एसए (सर्व्हरचं मूळ प्रशासक लॉगिन) किंवा त्यासाठीच ठेवलेलं लॉगिन द्या.

पाथ: डी ड्राइव्हवरचा बॅकअप फोल्डर, आउटपुट फाइलचा फोल्डर. आउटपुट फाइलचा पाथ स्टेपच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात असतो, म्हणून नजरेतून निसटतो.

सर्व्हरचं नाव: एसक्यूएलसीएमडीच्या ओळीत, पॉवरशेलमध्ये, लिंक्ड सर्व्हरमध्ये. जुनं नाव फाइलभर शोधा.

आणि 'एनेबल्ड': सगळीकडे शून्य करा. सगळे जॉब नव्या सर्व्हरवर निजलेल्या अवस्थेत जायला हवेत.

जॉब पन्नासच्या वर असतील तर डीबीएटूल्स हे पॉवरशेलचं मोफत मॉड्यूल वापरा. लॉगिन, ऑपरेटर, प्रॉक्सी, मेल आणि जॉब या सगळ्यांसाठी त्यात वेगवेगळ्या कॉपी कमांड आहेत, आणि जॉबच्या कमांडमध्ये तिकडे बंद अवस्थेत न्यायचा पर्यायही आहे. पण पहिल्यांदा करत असाल तर निदान पाच जॉब हाताने करा. काय कशावर टेकलंय ते त्याशिवाय कळत नाही.

नवं मशीन क्लाउडमध्ये असेल तर घड्याळ बघा. तिथे बहुधा यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं आणि एजंट मशीनच्याच घड्याळाने चालतो. रात्री दोनचं शेड्यूल आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं.

पायरी ५: मेंटेनन्स प्लॅन, म्हणजे खरी डोकेदुखी

विझार्डने बनवलेला मेंटेनन्स प्लॅन हा नुसता जॉब नसतो. तो एसएसआयएसचं (एसक्यूएल सर्व्हरसोबतच्या डेटा हलवायच्या साधनाचं) पॅकेज असतो, एमएसडीबीत साठवलेला. दिसणारा जॉब फक्त त्या पॅकेजला हाक मारतो. म्हणून जॉबची स्क्रिप्ट नेली तरी हाकेला ओ द्यायला तिकडे कोणी नसतं. डीबीएटूल्सही असे जॉब वगळतं.

पॅकेज एक्सपोर्ट करून नव्या सर्व्हरवर इंपोर्ट करता येतं. मीही तेच केलं होतं, आणि त्याची गोष्ट सांगतो. प्लॅन तिकडे नेला, उघडून सेव्ह केला, जॉब तयार झाला. रोज रात्री हिरवा. शेअर फोल्डरवर रोज बॅकअप फाइल, डेटाबेसच्याच नावाची, आजच्याच तारखेची. असं अकरा दिवस चाललं. मग फोल्डरची जागा बघताना सहज लक्षात आलं, की एका डेटाबेसच्या सगळ्या फाइल जवळपास बाइट न बाइट सारख्याच आकाराच्या आहेत. रोज हजारो नोंदी होणाऱ्या डेटाबेसचा बॅकअप वाढत कसा नाही?

पॅकेजच्या पोटात कनेक्शन असतं आणि त्यात जुन्या सर्व्हरचं नाव तसंच राहिलं होतं. नव्या सर्व्हरचा जॉब रोज रात्री इमानेइतबारे जुन्या सर्व्हरला जोडून घ्यायचा आणि तिथे गोठून पडलेल्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा. जुना सर्व्हर 'असू दे थोडे दिवस' म्हणून चालू ठेवला होता आणि दोन्हीकडे सर्व्हिस खातं एकच, त्यामुळे परवानगीचीही अडचण आली नाही. अकरा दिवस नव्या सर्व्हरचा एकही बॅकअप नव्हता. नशिबाने लागला नाही.

तेव्हापासून मी प्लॅन नेत नाही. जुन्या प्लॅनचं डिझायनरमधलं चित्र बघून काय चालतं ते कागदावर लिहितो आणि नव्या सर्व्हरवर सरळ टी-एसक्यूएल (एसक्यूएल सर्व्हरची क्वेरी भाषा) जॉब म्हणून बांधतो. बहुतेक डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) यासाठी ओला हॅलेनग्रेन यांच्या मोफत स्क्रिप्ट वापरतात. बॅकअप, तपासणी आणि इंडेक्स अशा तीन मुख्य प्रोसिजर त्यात आहेत, आणि बॅकअप ठेवताना त्या सर्व्हरच्या नावाचा फोल्डर आपोआप करतात. माझ्या त्या अकरा दिवसांवर हाच उतारा होता. पण नवख्यांचा इथे एक पाय हमखास अडकतो: इन्स्टॉल केल्यावर जॉब तयार होतात, शेड्यूल होत नाहीत. ते तुम्हालाच द्यायचं असतं.

पायरी ६: बदलाचा दिवस

आदल्या दिवशी जुन्या सर्व्हरवरचे जॉब बंद करायची स्क्रिप्ट तयार ठेवा. दोन्हीकडचे जॉब एकाच वेळी चालू असण्याचा सर्वात मोठा धोका क्लीनअपचा. दोन्ही सर्व्हर एकाच शेअर फोल्डरवर लिहीत असतील तर 'तीन दिवसांपेक्षा जुनं पूस' म्हणणारा जुना जॉब फाइल कोणाची हे विचारत नाही.

शेवटचा बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोअर झाला की क्रम असा ठेवा. आधी डीबीसीसी चेकडीबी, म्हणजे डेटाबेस धड आहे का याची तपासणी. जुन्यापेक्षा लवकर संपलं तर केवळ नव्या मशीनला श्रेय देऊ नका. २०१६ पासून परसिस्टेड कॉम्प्युटेड कॉलम आणि फिल्टर्ड इंडेक्स यांच्या काही तपासण्या आपोआप होत नाहीत, त्या 'एक्स्टेंडेड लॉजिकल चेक्स' देऊन मागाव्या लागतात. एकदा मागून घ्या. मग पेज व्हेरिफाय (बिघडलेलं पान ओळखायची सेटिंग) 'चेकसम'वर आहे का बघा. फार जुन्या डेटाबेसमध्ये तो नसतो, आणि लावला तरी पान पुढच्या वेळी लिहिलं जाईल तेव्हाच त्यावर चेकसम बसतो. मग सगळी स्टॅटिस्टिक्स पूर्ण वाचून अपडेट. यानंतर लगेच नव्या सर्व्हरचा पहिला पूर्ण बॅकअप.

कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागतो तो आकडा) रिस्टोअरनंतर जुनीच राहते, उदाहरणार्थ २०१४ ची १२०. २०२२ ची १६० आहे म्हणून त्याच रात्री चढवू नका. क्वेरी स्टोअर (क्वेरी कशा आणि किती वेळ चालल्या ते नोंदवणारी सोय) चालू करा, दोन आठवडे जुन्या लेव्हलवर नोंदी जमू द्या, मग चढवा. काही क्वेरींचे प्लॅन (चालवायच्या पद्धती) बदलतातच, आणि तेव्हा दाखवायला आधीचा पुरावा लागतो. मेंटेनन्सच्या जॉबशीही याचा संबंध आहे: १३० आणि वर मोठ्या टेबलांची स्टॅटिस्टिक्स आपोआप लवकर अपडेट होतात. त्याखाली वीस टक्के ओळी बदलल्यावरच अपडेट करायचा जुना नियम चालतो, म्हणून तोवर तुमचा स्टॅटिस्टिक्सचा जॉब ढिला सोडू नका.

नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर रिस्टोअर होत नाही. लोकांनी नव्यावर नोंदी करायला सुरुवात केली की परतीचा सरळ रस्ता संपला. 'मागे जायचं तर कधीपर्यंत' हा निर्णय त्याच्या आधी घ्यायचा.

मग जॉब एकेक करून जागे करा. आधी लॉग बॅकअप, मग पूर्ण बॅकअप, मग तपासणी, शेवटी इंडेक्स. प्रत्येक जॉब एकदा हाताने चालवून मगच शेड्यूलवर सोडा.

पायरी ७: हिरव्या खुणेवर विसंबू नका

बॅकअपची फाइल घ्या आणि 'रिस्टोअर हेडरओन्ली' चालवा. त्यात सर्व्हरचं नाव आणि आवृत्तीचा आकडा येतो. २०२२ साठी १६, २०१९ साठी १५, २०१६ साठी १३. नाव जुनं दिसलं की समजा, तुम्ही माझ्याच वाटेने चाललात. दुसरी खूण नव्या सर्व्हरच्या एमएसडीबीतल्या बॅकअपसेट टेबलात. त्या सर्व्हरने स्वतः घेतलेला प्रत्येक बॅकअप तिथे नोंदला जातो. जॉब हिरवा आणि टेबलात त्या रात्रीची नोंद नाही, असं होता कामा नये.

एक फाइल तिसऱ्या कुठल्यातरी मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोअर करा. 'व्हेरिफायओन्ली' पुरेसं नाही, ते फाइल वाचता येते एवढंच सांगतं.

एक जॉब मुद्दाम पाडा. मुळात नसलेल्या फोल्डरचा पाथ द्या, चालवा, आणि ईमेल येतो का बघा. आला तर तो कोणाकडे आला तेही बघा. ऑपरेटरचा पत्ता दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा असू शकतो.

सोयीच्या वेळी मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि कोणी हात न लावता एजंट उठतो का ते पाहा.

पहिले पंधरा दिवस पायरी १ चा तक्ता रोज सकाळी शेजारी ठेवा. जो जॉब पूर्वी चाळीस मिनिटं घेत होता तो आता दोन मिनिटांत संपत असेल तर आनंद मानायच्या आधी त्याचं आउटपुट वाचा. बहुतेक वेळा त्याला करायला काही सापडलेलंच नसतं: डेटाबेसचं नाव चुकलेलं, किंवा यादीतले निम्मे डेटाबेस वगळलेले.

जुना सर्व्हर लगेच पुसू नका, पण नुसता चालूही ठेवू नका. त्याचा एजंट थांबवा, डेटाबेस ऑफलाइन करा आणि कोण ओरडतं ते आठवडाभर पाहा. कोणी ना कोणी ओरडतंच, बहुधा महिन्याअखेरीचा अहवाल काढणारं. म्हणून त्या आठवड्यात महिन्याची अखेर येईल असं बघा.